गाठ किती काढायची आणि कुठे थांबायचं: मुलांमधल्या कवटीच्या तळाच्या शस्त्रक्रिया

मुलाच्या कवटीच्या तळाशी गाठ आहे असं कळलं की आईवडील डॉक्टरांना पहिला प्रश्न बहुतेक हाच विचारतात: "पूर्ण निघेल ना?" विचारणारच. गाठ म्हटली की ती अंगाबाहेर गेलेली बरी, असं कुणालाही वाटतं. पण या जागेच्या बाबतीत, आणि त्यातही वाढत्या वयाच्या मुलाच्या बाबतीत, "पूर्ण काढू" हे उत्तर कधी अगदी योग्य असतं, कधी मुलाला आयुष्यभर महागात पडतं, आणि काही गाठींत तर काढायचा विषयच नसतो. हे कशावरून ठरतं ते समजलं की डॉक्टरांचं अर्धं बोलणं आपोआप उलगडतं.

जागाच अडचणीची

कवटीचा वरचा भाग तसा सरळ असतो. सलग हाड, त्याखाली मेंदू. तिथली गाठ काढायला सर्जन हाडाचा तुकडा उचलतो, काम करतो आणि तुकडा परत बसवतो. तळाचं तसं नाही. मेंदू ज्या हाडांवर टेकलेला असतो त्यांच्या खाली पुढच्या बाजूला डोळ्यांच्या खोबणी आणि नाक, मध्ये घशाचा वरचा भाग, दोन्हीकडे कान आणि मागे मान येते. मेंदूशी जोडलेल्या नसांच्या बाराच्या बारा जोड्या या तळातल्या छिद्रांमधूनच जातात. वास, नजर, डोळ्यांची हालचाल, चेहरा, ऐकणं, गिळणं, आवाज, सगळं त्यांच्या भरवशावर. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या चारही मोठ्या रक्तवाहिन्या इथूनच वर चढतात.

तळाच्या मधोमध स्फेनॉइड नावाचं हाड असतं. त्याच्यावर एक छोटासा खळगा, आणि त्या खळग्यात पिट्यूटरी म्हणजे पियूषिका ग्रंथी. जेमतेम सेंटिमीटरभर आकार, पण उंची वाढणं, वयात येणं, थायरॉइड, ताण सोसण्यासाठी लागणारं कॉर्टिसॉल आणि अंगातलं पाणी राखणं यांची सूत्रं तिच्याकडे. तिच्या किंचित वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेद देतात. त्याच्याही वर हायपोथॅलॅमस, म्हणजे भूक, तहान, झोप आणि शरीराचं तापमान सांभाळणारा मेंदूचा भाग. खळग्याच्या दोन्ही अंगांना कॅरोटिड रक्तवाहिन्या. यातल्या कुठल्याही दोन गोष्टींमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचं असतं, आणि मूल जितकं लहान तितके ते मिलिमीटरही कमी.

म्हणूनच इथे साधी गाठ आणि कॅन्सरची गाठ हा नेहमीचा फरक पुरेसा पडत नाही. कॅन्सर नसलेली गाठही इथे नजर घालवू शकते. "साधी आहे म्हणे, घाबरायचं कारण नाही" असं कुणी म्हणालं तर ते अर्धसत्य आहे असं समजायचं.

मूल तक्रार करत नाही

मोठ्या माणसाला बाजूचं दिसेनासं झालं तर तो धडकतो, वैतागतो, डॉक्टरकडे जातो. मुलाला मात्र जे दिसतं तेवढंच जग वाटतं. दोन्ही कडांची नजर हळूहळू आत सरकत गेली तरी ते काही बोलत नाही. टीव्हीच्या जवळ सरकून बसतं, मान तिरकी करून वाचतं, झेल सोडतं. घरच्यांना वाटतं चष्मा लागला असेल.

इतर खुणाही अशाच दुसऱ्या कशावर तरी ढकलल्या जाणाऱ्या. सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखून उलटी होणं आणि मग बरं वाटणं. वर्गातली मुलं वाढत असताना याचीच उंची वर्षभर जिथल्या तिथे राहणं. अंथरूण ओलं करणं सुटलेल्या मुलाने पुन्हा सुरू करणं आणि रात्री उठून उठून पाणी मागणं. अशा वेळी मधुमेहाची तपासणी होते, साखर नॉर्मल येते आणि विषय तिथेच सुटतो, तो सुटायला नको. एक डोळा बाहेर वळेनासा होणं, एकाचं दोन दिसणं. वयात येणाऱ्या मुलाच्या एकाच नाकपुडीतून पुन्हा पुन्हा भळभळून रक्त येणं आणि ती बाजू कायम चोंदलेली राहणं.

यातलं एखादं लक्षण दिसलं म्हणजे गाठच आहे असं अजिबात नाही. पण दोन-तीन एकत्र आली आणि महिन्यांमागून महिने टिकली, तर डोळ्यांचा पडदा तपासून घेणं आणि उंची-वजनाचा जुना तक्ता काढून बघणं या दोन गोष्टी लगेच करता येतात. उंचीचा आलेख कधी सपाट झाला यावरून गाठ साधारण कधीपासून त्रास देत असावी याचा अंदाजही डॉक्टरांना येतो.

आधी नाव, मग चाकू

मुलांमध्ये या जागी होणाऱ्या गाठी मोठ्यांपेक्षा वेगळ्या असतात. मोठ्यांमध्ये मेनिन्जिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ) आणि पिट्यूटरीच्या गाठी सर्रास, मुलांमध्ये दोन्ही कमी. मुलांत क्रॅनिओफॅरिंजिओमा, कॉर्डोमा, अँजिओफायब्रोमा, ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा, जर्मिनोमा, लँगरहान्स सेल हिस्टिओसायटोसिस अशी नावं ऐकू येतात. ती पाठ करायची गरज नाही, पण आपल्या मुलाच्या गाठीचं नाव मात्र नेमकं माहीत हवं, कारण शस्त्रक्रिया किती मोठी करायची हे त्या नावावर ठरतं.

ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा हा स्नायूंच्या पेशींशी नातं असलेला कॅन्सर. तो कवटीच्या तळाशी असेल तर मुख्य उपचार केमोथेरपी आणि रेडिएशन. सर्जनचं काम बहुतेक वेळा तपासणीपुरता तुकडा काढून देण्याचं. चेहरा आणि नसा पणाला लावून अख्खी गाठ उपटण्यात मुलाचा फायदा नसतो. जर्मिनोमाचंही तसंच. पिट्यूटरीच्या देठाशी किंवा मेंदूच्या मागच्या बाजूला पिनिअल ग्रंथीपाशी होणारी ही गाठ केमो आणि रेडिएशनला इतकी चांगली दाद देते की दहातली नऊहून अधिक मुलं बरी होतात. तिच्यासारख्याच काही गाठी रक्तात आणि मेंदूभोवतीच्या पाण्यात अल्फा फीटोप्रोटीन किंवा बीटा एचसीजी नावाचे पदार्थ सोडतात. म्हणून या भागात गाठ दिसली की रक्ताच्या या दोन तपासण्या आधी होतात. त्या खूप वाढलेल्या आल्या तर कधी कधी तुकडाही काढावा लागत नाही. प्रोलॅक्टिन हे हार्मोन बनवणारी पिट्यूटरीची गाठ कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी आकसते. हिस्टिओसायटोसिसमध्ये हाडाला पडलेलं भोक भीतिदायक दिसतं, पण छोटा तुकडा काढून निदान आणि गरजेप्रमाणे सौम्य केमो एवढ्यावर बहुतेकदा भागतं.

आणि दोन ठिकाणी तर घाईने तुकडा काढणंच धोक्याचं. तान्ह्या बाळाच्या नाकात दिसणारा गोळा हा कवटीच्या भोकातून खाली उतरलेला मेंदूचा भाग असू शकतो. दुसरं म्हणजे वयात येणाऱ्या मुलग्याच्या नाकातली लालसर गाठ. ती अँजिओफायब्रोमा असेल तर चिमटा लावताच रक्ताची धार लागते. दोन्हीकडे नियम एकच: आधी स्कॅन, मग हात.

अँजिओफायब्रोमा हा जवळजवळ फक्त किशोरवयीन मुलग्यांना होणारा आजार. कॅन्सर नाही, पण सगळी गाठ रक्तवाहिन्यांनी भरलेली, आणि नाकाच्या मागून गाल, डोळा, कवटीचा तळ अशी वाट काढत पसरणारी. इथे शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार. मात्र तिच्या एक ते तीन दिवस आधी जांघेतून बारीक नळी घालून गाठीला रक्त देणाऱ्या वाहिन्या आतून बुजवतात. याला एम्बोलायझेशन म्हणतात. या तयारीनंतर एकेकाळी चेहरा उघडून कराव्या लागणाऱ्या बऱ्याच गाठी आता नाकातून, दुर्बिणीने निघतात.

वरून की नाकातून

नाकातून कवटीच्या तळाशी जाण्याची कल्पना जुनी आहे. १९०७ मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला हेर्मान श्लोफर यांनी नाकाच्या वाटेने पिट्यूटरीची पहिली गाठ काढली. अमेरिकेतले नामवंत न्यूरोसर्जन हार्वी कुशिंग यांनी ही वाट काही वर्षं वापरली आणि मग कवटी वरून उघडण्याकडे वळले. त्यांचं वजनच एवढं होतं की बहुतेक सगळे त्यांच्यामागे गेले. पुढे १९६० च्या दशकात मॉन्ट्रियलला ज्यूल्स हार्डी यांनी या वाटेवर सूक्ष्मदर्शक आणला आणि ती पुन्हा वापरात आली. १९९० च्या दशकात पिट्सबर्गमध्ये न्यूरोसर्जन आणि कान-नाक-घसा सर्जन यांनी एकत्र येऊन सूक्ष्मदर्शकाच्या जागी एन्डोस्कोप, म्हणजे टोकाला कॅमेरा असलेली दुर्बीण वापरायला सुरुवात केली. सूक्ष्मदर्शक बाहेरून सरळ रेषेत बघतो. दुर्बीण आत जाते आणि कोपऱ्याआडचंही दाखवते.

आजही ही शस्त्रक्रिया दोघं मिळून करतात. एक सर्जन दुर्बीण धरून ती सतत हलवत, पुसत, जागेवर ठेवतो. दुसऱ्याचे दोन्ही हात कामाला मोकळे असतात. दोन नाकपुड्यांमधून तीन-चार अवजारं एकाच वेळी आत. डोक्यावर टाका नाही, केस काढावे लागत नाहीत, मेंदूला बाजूला सारावं लागत नाही.

पण नाकाची वाट नेहमीच बरी असं मात्र नाही, आणि सगळं काही दुर्बिणीने करण्याचा हट्ट हा मला वरून उघडण्याच्या हट्टाइतकाच चुकीचा वाटतो. ढोबळ नियम असा: नसा आणि रक्तवाहिन्या गाठीच्या वर किंवा बाजूला ढकलल्या गेल्या असतील तर खालून, नाकातून जावं. त्या गाठीच्या आणि नाकाच्या मध्ये येत असतील, किंवा गाठ बाजूला लांबवर पसरली असेल, तर वरून किंवा कानामागून. शस्त्रक्रियेची वाट निवडताना कुठलीही नस ओलांडून पलीकडे जावं लागू नये हे पाहतात. मोठ्या गाठीला कधी दोन्ही वाटा लागतात, काही आठवड्यांच्या अंतराने.

मूल म्हणजे छोटा मोठा माणूस नव्हे

नाकाची वाट स्फेनॉइड हाडातल्या हवेच्या पोकळीतून जाते. मोठ्या माणसात ही पोकळी तयारच असते; तिच्या मागच्या भिंतीवर पिट्यूटरीचा आणि रक्तवाहिन्यांचा उंचवटा दिसतो आणि सर्जनला आपण कुठे आहोत ते कळतं. बाळाच्या जन्माच्या वेळी तिथे भरीव हाड असतं. दोन-तीन वर्षांच्या सुमारास पुढच्या बाजूने हवा शिरायला लागते आणि ही प्रक्रिया किशोरवयापर्यंत चालते. म्हणजे चार वर्षांच्या मुलात सर्जनला भरीव हाड घासत आपली वाट आपणच तयार करावी लागते, आणि ओळखीच्या खुणा नसतात. या कारणाने पूर्वी लहान मुलांना ही शस्त्रक्रिया नाकारली जायची. आता सीटी आणि एमआरआयवर चालणारं नेव्हिगेशन असतं: अवजाराचं टोक या क्षणी कुठे आहे ते पडद्यावर दिसतं. कॅरोटिड शोधायला बारीक डॉप्लर असतो. हाडाला टेकवला की रक्तवाहिनीचा आवाज ऐकू येतो. आवाज आला तिथे घासायचं नाही.

मोठ्यांचं डोकं शस्त्रक्रियेत तीन टोकदार पिनांच्या चौकटीत घट्ट धरतात. दोन-तीन वर्षांखालच्या मुलाची कवटी इतकी पातळ असते की पिन आत घुसू शकते, म्हणून डोकं मऊ आधारावर ठेवतात आणि डोकं न आवळता चालणारं, चुंबकीय क्षेत्रावरचं नेव्हिगेशन वापरतात. नाकपुड्या अरुंद, म्हणून अवजारं बारीक. अगदी लहान बाळात दोन अवजारं एकाच वेळी आत जात नाहीत, आणि मग वरून जाण्याचा निर्णय होतो.

पण भूलतज्ज्ञाला सगळ्यात जास्त चिंता असते ती रक्ताची. मुलाच्या अंगात किलोमागे साधारण ७५ मिलिलीटर रक्त असतं. दहा किलोच्या मुलात एकूण पाऊण लीटर. मोठ्या माणसाच्या शस्त्रक्रियेत २०० मिलिलीटर रक्त गेलं तर कुणी फारसं लक्षही देणार नाही. या मुलाचं ते पाव भागाहून जास्त रक्त झालं. म्हणून शोषून घेतलेलं रक्त, कापसाच्या पट्ट्यांत मुरलेलं रक्त, धुण्यासाठी वापरलेलं पाणी, सगळ्याचा हिशेब मिनिटागणिक चालतो आणि पहिला छेद घेण्याआधीच जुळवलेलं रक्त खोलीत हजर असतं. एखादी शस्त्रक्रिया अर्ध्यावर थांबवून आठवड्याने पुढे केली, असं सांगितलं तर ते अपयश समजू नये. बऱ्याचदा त्यामागे हाच हिशेब असतो.

क्रॅनिओफॅरिंजिओमा: थांबण्याचा प्रश्न

मुलांच्या मेंदूतल्या गाठींपैकी ही साधारण पाच ते दहा टक्के, बहुतेक पाच ते चौदा वर्षांच्या वयात. गर्भात पिट्यूटरी तयार होताना मागे राहिलेल्या पेशींपासून होते असं मानलं जातं. कॅन्सर नाही, अंगभर पसरत नाही. तरीही सर्जन ज्या गाठींचा धसका घेतात त्यांतली ही एक.

स्कॅनवर तिचे तीन भाग दिसतात: थोडा घट्ट मांसल भाग, पाण्याने फुगलेली एक किंवा अनेक पिशव्या, आणि सीटीवर चमकणारे चुन्याचे खडे. पिशवीला छेद दिला की आतून इंजिनातल्या वापरलेल्या तेलासारखा पिवळसर तपकिरी द्रव येतो आणि त्यात कोलेस्टेरॉलचे कण दुर्बिणीच्या उजेडात चकाकतात. द्रव निघताच डोळ्यांच्या नसांवरचा ताण सैल होतो. काही मुलांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच बरं दिसू लागतं. इथपर्यंत सगळं छान.

अवघड भाग पुढे येतो. पिशवीचं आवरण आणि बोटांसारखे फुटवे हायपोथॅलॅमसला चिकटलेले असतात, आणि तिथे गाठ कुठे संपते आणि मेंदू कुठे सुरू होतो ही रेषाच नसते. ओढलं तर गाठ निघते, पण सोबत मेंदूचा तुकडाही येतो. काही दशकांपूर्वी "मूळापासून काढा" हाच आग्रह होता. स्कॅन स्वच्छ यायचे. मुलं मात्र वर्षभरात दुप्पट वजनाची होऊन परत यायची. पोट भरल्याची जाणीवच गेलेली, रात्री-दिवसाचा ताल बिघडलेला, अभ्यासात आणि वागण्यात फरक पडलेला. ही भूक आईवडिलांच्या शिस्तीने आटोक्यात येत नाही, कारण ती थांबवणारा भागच दुखावलेला असतो. अशा मुलाला खादाड म्हणणं हा अन्याय आहे, आणि नातेवाईक तो सर्रास करतात.

२००७ मध्ये पॅरिसच्या स्तेफानी प्युजे आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेआधीच एमआरआय पाहून हायपोथॅलॅमस किती गुंतला आहे याच्या पायऱ्या पाडल्या: गुंतलेला नाही, नुसता ढकलला गेलेला, आणि गाठीत विरघळून ओळखू न येणारा. पहिल्या दोन प्रकारांत पूर्ण गाठ काढण्याचा प्रयत्न करावा. तिसऱ्यात मात्र डोळ्यांच्या नसा मोकळ्या कराव्यात, हायपोथॅलॅमसला चिकटलेला थर जाणूनबुजून ठेवावा आणि उरलेल्यावर रेडिएशन द्यावं. नुसती ठेवून दिली तर निम्म्याहून जास्त मुलांमध्ये ही गाठ पुन्हा वाढते. रेडिएशनची जोड दिली तर आजार आटोक्यात राहण्याचं प्रमाण पूर्ण काढण्याच्या जवळपास जातं. दहा वर्षांनंतर सुमारे नव्वद टक्के मुलं हयात असतात. जगण्याचा आकडा इतका चांगला असताना मोजायचं ते जगणं कसं असेल हे. इथे गाठीचा थर मागे सोडणारा सर्जन कमी धाडसी असतो असं मला वाटत नाही. पूर्ण काढायला हात शिवशिवत असताना थांबायला जास्त अनुभव लागतो.

इंटरनेटवर या गाठीसाठी गोळ्या निघाल्याच्या बातम्या सापडतात. त्या बीआरएएफ या जनुकातला विशिष्ट बदल असलेल्या, मोठ्या माणसांत आढळणाऱ्या पॅपिलरी प्रकाराच्या आहेत. मुलांमधला प्रकार जवळजवळ नेहमी दुसरा असतो आणि त्यात तो बदल नसतो.

कॉर्डोमा: इथे उलटा नियम

गर्भाच्या पाठीच्या कण्याचा जो मूळ आधार असतो त्याच्या राहिलेल्या पेशींपासून कॉर्डोमा होतो. कवटीच्या तळाच्या मागच्या हाडात, मेंदूच्या खोडाच्या बरोब्बर समोर. हळू वाढतो पण हाड खात जातो, आणि पहिली खूण बऱ्याचदा डोळा बाहेर न वळणं ही असते. याच्याशी नरमाईने वागून चालत नाही. जितका जास्त निघेल तितकं मुलाचं भवितव्य बरं, आणि पहिली शस्त्रक्रिया हीच सगळ्यात मोलाची संधी. म्हणून ती जिथे अशा गाठी नेहमी होतात तिथेच व्हावी, हे मी ठामपणे सांगेन.

यामागे रेडिएशनचं गणितही आहे. कॉर्डोमाला ७० ग्रेच्या (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप) वर डोस लागतो. डोळ्यांची नस आणि मेंदूचं खोड साधारण ५४-५५ ग्रेच्या आसपासच सोसतात. गाठ त्यांना खेटून असेल तर पुरेसा डोस देताच येत नाही. त्यामुळे सगळी गाठ निघाली नाही तरी सर्जनने ती या दोघांपासून काही मिलिमीटर दूर केली, तर किरणांना काम करायला जागा मिळते. क्रॅनिओफॅरिंजिओमाला मात्र साधारण ५४ ग्रे, रोज थोडा असा तीस दिवसांत विभागलेला, पुरतो.

मुलांसाठी प्रोटॉन किरणांची शिफारस वारंवार होते. नेहमीचे क्ष-किरण गाठीतून आरपार जाऊन पलीकडच्या मेंदूलाही डोस देतात. प्रोटॉन ठरावीक खोलीवर आपली बहुतेक ऊर्जा सोडून थांबतात. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्ये हा उपयोग सुचवला होता. प्रोटॉनने गाठ जास्त चांगली मरते असं नाही. वाढत्या मेंदूचा कमी भाग किरणांखाली येतो, हा फायदा. तीन वर्षांखालच्या मुलांत रेडिएशन शक्य तितकं पुढे ढकलतात.

भोक बुजवणं आणि नंतरची रात्र

नाकातून गाठ काढली की नाक आणि मेंदू यांच्यामध्ये भोक उरतं. ते नीट बंद झालं नाही तर मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळतं आणि नाकातले जंतू वर जाऊन मेनिन्जायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा संसर्ग होतो. मोठ्या शस्त्रक्रियांत पूर्वी पाचातल्या एकाहून जास्त रुग्णांना ही गळती व्हायची. २००६ मध्ये अर्जेंटिनातल्या रोसारिओचे हदाद आणि बासागास्तेगी यांची पद्धत प्रसिद्ध झाली: नाकाच्या मधल्या पडद्यावरचं अस्तर त्याच्या रक्तवाहिनीसकट सोलून, मागे वळवून भोकावर पसरायचं. जिवंत अस्तर असल्याने ते धरतं. गळती वीसातल्या एकाच्या आसपास आली. लहान मुलांत अडचण ही, की दहा वर्षांखाली नाकाचा पडदाच छोटा असतो आणि अस्तर पुरेलच असं नाही. मग मांडीतली चरबी किंवा स्नायूवरचं आवरण, कधी डोक्याच्या कातडीखालचं अस्तर जोडीला घेतात. म्हणून मुलाच्या मांडीवर पट्टी दिसली तर दचकू नये.

घरी आल्यावर काही आठवडे नाक शिंकरायचं नाही, जोर करायचा नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. लहान मुलाला हे सांगून काय उपयोग, म्हणून बद्धकोष्ठ होऊ न देणं आणि सर्दी असलेल्यांना लांब ठेवणं हेच आपल्या हातात. पुढे वाकल्यावर एका नाकपुडीतून पाण्यासारखं थेंब थेंब येत असेल, मूल घशाशी खारट लागतंय म्हणत असेल, तर त्याच दिवशी दाखवावं.

पिट्यूटरीजवळच्या शस्त्रक्रियेनंतर आयसीयूतल्या नर्सचं लक्ष जखमेपेक्षा लघवीच्या पिशवीवर जास्त असतं. वीस किलोच्या मुलाला तासाला वीस ते चाळीस मिलिलीटर लघवी होते. ती एकदम शंभरावर गेली, पाण्यासारखी स्वच्छ दिसू लागली आणि रक्तातलं सोडियम चढू लागलं, तर अंगातलं पाणी राखणारं हार्मोन बंद पडलं असं समजतात. डेस्मोप्रेसिन हे औषध नाकात फवारून, गोळीने किंवा इंजेक्शनने देतात. गंमत अशी की पाचव्या-सहाव्या दिवसाच्या सुमारास काही मुलांत उलटंच होतं: दुखावलेल्या ग्रंथीतून साठलेलं हार्मोन एकदम सांडतं, लघवी एकदम कमी होते, सोडियम खाली घसरतं आणि मूल गुंगीत जातं, झटकाही येऊ शकतो. त्यानंतर लघवी पुन्हा आधीसारखी भरपूर होऊ लागते. म्हणून तिसऱ्या दिवशी मूल खेळतंय म्हणून घरी सोडायची घाई डॉक्टर करत नाहीत.

इतर धोक्यांपैकी कॅरोटिडला इजा हा सगळ्यात भीतीचा, पण क्वचित होणारा. वास कमी होणं, नाकात महिनाभर खपल्या धरणं हे बरंच जास्त वेळा होतं; खपल्यांसाठी मिठाच्या पाण्याने नाक धुवावं लागतं, आणि अगदी लहान मुलाचं नाक साफ करायला कधी थोडी भूल द्यावी लागते.

पुढची वर्षं

पिट्यूटरीचं काम कायमचं थांबलं असेल तर थायरॉइड, कॉर्टिसॉल, वाढीचं हार्मोन आणि योग्य वयात लैंगिक हार्मोन बाहेरून देता येतात. यातलं कॉर्टिसॉल चुकवून चालत नाही. ताप आला तर हायड्रोकॉर्टिसोनचा (कॉर्टिसॉलच्या जागी दिलं जाणारं औषध) डोस डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दुप्पट-तिप्पट करायचा. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन द्यायचं, आणि ते कसं द्यायचं हे घरातल्या दोघांना तरी यायला हवं. शाळेच्या दप्तरात तशी चिठ्ठी असावी. शस्त्रक्रिया उत्तम झालेलं मूल वर्षांनंतर साध्या जुलाबाने दगावू शकतं ते या एका गोष्टीमुळे. एमआरआय सुरुवातीला काही महिन्यांनी आणि पुढे वर्षाने, अनेक वर्षं चालतात. डोळ्यांची तपासणी, उंची-वजन आणि शाळेतली प्रगती त्याच्या जोडीला.

सर्जनला भेटायला जाताना "पूर्ण निघेल का" याच्या जोडीने आणखी थोडं विचारावं. गाठीचं नाव काय आणि ते तुकड्यावरून ठरलं की स्कॅनवरून? नजर आणि हार्मोनची आधीची तपासणी झाली का? मुलांच्या अशा शस्त्रक्रिया तुम्ही वर्षाला किती करता, आणि सोबत कान-नाक-घसा सर्जन आणि मुलांचे हार्मोनतज्ज्ञ आहेत का? गाठ मागे ठेवावी लागली तर कुठे ठेवाल, आणि तिचं पुढे काय कराल? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे आधीपासून तयार असतं, त्याच्याकडे मूल सोपवायला मला कमी भीती वाटेल.